एका दिव्यासाठी अकरा महिने

रोझॅन टॅलारिको बहिरी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फर्ममध्ये एवढं सांगायला लोकांना पाऊण तास लागतो, आणि शेवटी ते सांगतच नाहीत.

फर्म म्हणजे थर्लो अँड विंचेल. रोचेस्टरमधली जुनी वकिलांची फर्म, बेचाळीस वकील, नदीकाठच्या इमारतीत अकरावा आणि बारावा मजला. मी ग्वेन, सोळा वर्षं बाराव्या मजल्यावर रिसेप्शनला आहे. आलेल्याचा कोट घ्यायचा, कॉफी विचारायची, फोन जोडून द्यायचे. रोझॅन एकोणीस वर्षं इथं खटल्यांची बाडं लावते. खटला उभा राहण्याआधी पुराव्याचे हजारो कागद येतात. ते वाचायचे, क्रमानं लावायचे, कडेला खुणेच्या पट्ट्या चिकटवायच्या. न्यायाधीशांनी अमुक पान म्हटलं की वकिलाच्या हाताखाली तेच पान यायला हवं. चार हजार पानांत एक पान कमी असलं तर रोझॅनला ते बाडाच्या जाडीवरून कळतं, असं आमचे वकील कौतुकानं पाहुण्यांना सांगतात. साफ खोटं आहे. ती पानं मोजते. दोनदा मोजते. त्यांना हे माहीत नाही, कारण ती बसते त्या खोलीत ते कधी जातच नाहीत.

माझे आईवडील दोघंही बहिरे. आमच्या गावात बहिऱ्यांची जुनी शाळा आहे, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही; आमच्या गल्लीतच अशी चार घरं होती. वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचे, आई घरी शिवणकाम करायची, आणि मी तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागले. रोझॅन आईच्याच शाळेतली, तिच्यामागून बऱ्याच वर्षांनी शिकलेली. तिचा नवरा डीन त्याच शाळेत आता सुतारकाम शिकवतो. तोही बहिरा.

तर मला खुणांची भाषा येते, हे फर्मला कळलं त्या दिवसापासून माझ्यामागे एक बिनपगारी नोकरी लागली. "ग्वेन, दोन मिनिटं येतेस का? रोझॅनला जरा सांगायचंय." ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात. मी फोन सोडून जायचं, दुभाष्याचं काम करायचं, परत येऊन बघायचं तर सहा फोन चुकलेले, आणि ज्यांनी बोलावून नेलं तेच विचारणार, फोनवर कोणी का नव्हतं? प्रमाणपत्रवाला, शिकलेला दुभाषी मागवायचा तर एक फोन करावा लागतो. तेवढा एक फोन सोळा वर्षांत कोणाला जमला नव्हता.

त्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, आगीची कवायत झाली. भोंगा वाजला, कॉरिडॉरमधले दिवे लुकलुकायला लागले, सगळे कुरकुरत जिन्यानं खाली. रोझॅन दहा वाजता कोर्टात जाणार आहे असं मला सकाळी म्हणाली होती, म्हणून मी तिच्या खोलीत डोकावले नाही. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. खाली फुटपाथवर वारा असा की कान गळून पडावेत. मेरिडिथ ऑल्सॉप हातात यादी घेऊन माणसं मोजत होती. मेरिडिथ ही फर्मची समावेश संचालिका, म्हणजे सगळ्या प्रकारच्या माणसांना इथं आपलं वाटावं हे बघणारी. भली बाई आहे, सतत मान एका बाजूला कलती.

"सगळे आले," ती म्हणाली.

"रोझॅन कोर्टात गेली का?"

"गेलीच असेल ना. यादीत ती बाराव्या मजल्यावर दिसतच नाहीये."

यादीत दिसत नाही, कारण बाडांची खोली कागदोपत्री अडगळीची खोली होती. तिथं माणूस बसतं हे इमारतीच्या नकाशावर कुठंच नव्हतं. वर जाते म्हटलं तर दाराशी उभा असलेला माणूस सोडेना. पंचवीस मिनिटांनी आम्ही वर आलो, तर रोझॅन माझ्या टेबलामागे, माझ्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. कोर्टातलं काम पुढे ढकललं गेलं होतं. स्टेपलच्या पिना घ्यायला ती बाहेर आली तोवर कॉरिडॉरमधले दिवेही थांबले होते.

"कोण मेलं?" तिनं हातांनी विचारलं.

"कोणी नाही गं. कवायत होती."

"मला वाटलं येशू आला आणि मला सोडून सगळ्यांना स्वर्गात घेऊन गेला. मग बघते तर मेरिडिथपण नाही, विंचेलपण नाही. म्हटलं, विंचेलला नेलं असेल तर हा येशू नसणार."

मी हसले. तीही हसली. मग तिनं अगदी बारीक, पोटाशी धरून खुणा केल्या, जशा माणसं कानात बोलतात. "कॉफीतून वाफ येत होती, ग्वेन. कोट खुंट्यांवर. आणि माणूस एक नाही. मी सगळ्या मजल्यावर दारं उघडत फिरले."

त्याच दुपारी तिनं तीन ओळींचा ईमेल लिहिला. बाडांच्या खोलीत आणि बायकांच्या बाथरूममध्ये भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा बसवा. मला भोंगा ऐकू येत नाही. आभारी आहे.

उत्तर चार परिच्छेदांचं आलं. तुझ्या धैर्याबद्दल आभार, तुझा आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे, ह्या प्रवासात आपण सोबत आहोत. दिव्याचा उल्लेख नाही. शेवटी एक आनंदाची बातमी होती: रोझॅनला विविधता आणि समावेश समितीवर घेण्यात आलं आहे.

"मी दिवा मागितला," रोझॅन म्हणाली. "मला खुर्ची का देतायत?"

समितीच्या पहिल्या बैठकीला दुभाषी नव्हता. म्हणजे मी. दीड तास मी उभी राहून हात हलवले आणि दीड तासातला एक तास रोझॅनला काय म्हणायचं ह्यावर गेला. मेरिडिथला 'बहिरी' हा शब्द कडक वाटत होता. कोणीतरी 'श्रवणाचं आव्हान असलेली' सुचवलं. दुसऱ्यानं सांगितलं, आव्हान आता चालत नाही, 'श्रवणवैविध्य असलेली सहकारी' म्हणा.

"बहिरी," रोझॅन म्हणाली. "माझी आई म्हणायची, शाळेच्या पाटीवर लिहिलेलं होतं, लग्नाच्या केकवरसुद्धा डीननं लिहून घेतलं होतं. बहिरी लिहा आणि पुढच्या विषयावर या."

"तुझ्या भावना आम्ही नोंदवून घेतो," मेरिडिथ म्हणाली आणि श्रवणवैविध्य लिहून घेतलं.

दिवा पुढच्या विषयांत सातवा होता. पाचव्यावर वेळ संपली. डिसेंबरात तो चौथा होता. त्या दिवशी बर्फ फार पडला आणि बैठक फोनवर झाली. बहिऱ्या बाईला घेऊन, फोनवर. मी सांगितलं तेव्हा मेरिडिथनं कपाळावर हात मारून घेतला, खरंच वाईट वाटलं तिला, आणि बैठक झाली ती झालीच. जानेवारीत असं ठरलं की दिवा हा इमारतीच्या मालकाचा विषय आहे. फेब्रुवारीत मालकाच्या वकिलानं कळवलं की भाड्यानं दिलेल्या जागेच्या आत काय लावायचं हा भाडेकरूचा विषय आहे. मग आमच्या वकिलानं त्यांच्या वकिलाला लिहिलं. एकदा वकिलांनी एकमेकांना लिहायला सुरुवात केली की मग काही होणं शक्यच नव्हतं. मी कोट घेते तरी मला एवढं कळतं.

मार्चमध्ये फर्मनं एका पुरस्कारासाठी अर्ज करायचं ठरवलं. सर्वांना सामावून घेणारी कचेरी, असा काहीतरी तो पुरस्कार. त्यासाठी चकचकीत पुस्तिका हवी होती, आणि पुस्तिकेत रोझॅन. फोटोवाला आला, तिला खिडकीशी उभं केलं. मेरिडिथ मला म्हणाली, "तिला सांग, काहीतरी छान खूण कर. आपुलकी, एकत्र, असलं काही."

मी रोझॅनला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान डोलावली, केस नीट केले, इतकं गोड हसली की फोटोवाल्यानंही 'वा' म्हटलं. आणि हात आडवे एकावर एक धरून, एका हाताची बोटं शिंगांसारखी वर आणि दुसरा हात कोपराखाली मोकळा सोडून, तिनं जी खूण केली ती आमच्याकडे शाळकरी पोरंही ओळखतात. बैलाचं शेण. म्हणजे, तुम्ही बोलताय ते सगळं थापेबाजीचं.

"सुंदर!" मेरिडिथ म्हणाली. "ह्याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "एकत्र."

पुस्तिका निघाली. आठशे प्रती. पान तीन, अर्ध्या पानाचा फोटो, खाली फर्मचं नाव.

ईस्टरआधीच्या उपासांच्या, लेंटच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी बहिऱ्यांच्या क्लबात तळलेल्या माशाचं जेवण होतं. डीननं एक प्रत खिशात घालून नेली होती. ती टेबलाटेबलावरून फिरली. दीडशे माणसं हसत होती, म्हणजे कोणी टेबल बडवत होतं, कोणी पाय आपटत होतं, माझ्या आईनं तर डोळे पुसले. मग ओटिस लीपर नावाचे एक गृहस्थ पुस्तिका घेऊन रोझॅनसमोर येऊन बसले. ते शहराच्या बांधकाम परवान्यांच्या कचेरीत वीस वर्षं आहेत, तेही बहिरे.

"चिडलीस कशावर एवढी?"

तिनं सांगितलं. ओटिसनं काटा खाली ठेवला.

"रोज माणूस बसतं आणि दिवा नाही? अगं बाई, त्याला समिती कशाला लागते? आमच्याकडे अर्ज दे एका पानाचा. तपासनीस येईल."

"एकोणीस वर्षं आहे मी तिथं," रोझॅन म्हणाली. "माझ्याच लोकांची तक्रार करू? आधी म्हाताऱ्याला विचारते."

"तुझे लोक तुला वर ठेवून खाली गेले होते," डीन म्हणाला. त्या फर्मवर तिचा जीव होता, हे बाहेरच्यांना कळत नाही. तिनं लावलेल्या बाडांवर त्यांनी मोठे खटले जिंकले होते, आणि त्यातल्या प्रत्येक खटल्याचं नाव तिला पाठ होतं.

म्हातारा म्हणजे प्रेस्कॉट विंचेल, फर्मचे मुख्य भागीदार. त्यांची वेळ तीनदा पुढे ढकलली गेली आणि जुलैमध्ये एकदाची मिळाली. दुभाषी अर्थात मीच. गंमत बघा, अपंगांना कामावर काय सोयी द्यायच्या ह्या कायद्यावर विंचेल इतर कंपन्यांना भाषणं देतात.

ते माझ्याकडे बघून बोलायला लागले. "तिला सांग, प्रकरण माझ्या नजरेत आहे."

"तिला सांग काय?" रोझॅन म्हणाली. "मी इथं बसलेय. माझ्याकडे बघायला सांग."

मी म्हटलं, "ती म्हणतेय, वेळ दिल्याबद्दल आभार."

"तिला सांग, भाडेकरारावर बोलणी चालू आहेत. थोडा धीर धरावा."

रोझॅनचे हात वेगानं चालू झाले. "नऊ महिने झाले. तुम्ही ह्याच कायद्यावर जगाला शिकवता, आणि तुमच्या अडगळीच्या खोलीत मी जळून मेले असते तर पुस्तिकेत दुसरी बहिरी शोधायला लागली असती. शोधून ठेवलीय का?"

विंचेल माझ्याकडे बघत होते. मला माझ्या मुलीची फी दिसली, माझी नोकरी दिसली. मी म्हटलं, "रोझॅनला थोडी काळजी वाटतेय. लवकर झालं तर बरं होईल, म्हणते."

"नक्कीच, नक्कीच," विंचेल म्हणाले आणि उभे राहिले.

बाहेर आल्यावर रोझॅन माझ्यासमोर आली. "माझं एवढं मोठं बोलणं, तुझे ओठ एवढेसेच हलले. सगळं सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिनं ओटिसच्या कचेरीत एका पानाचा अर्ज दिला. गुरुवारी शहराची तपासनीस आली. बुटकी, जाड बुटांची बाई, कॉफी नको म्हणाली. बाडांच्या खोलीत गेली, छताकडे बघितलं, बाथरूममध्ये गेली, छताकडे बघितलं. मेरिडिथ तिच्यामागून चालत समितीबद्दल सांगत होती.

"समिती छताला लावता येते का?" बाईनं विचारलं. मग नोटीस लिहून दिली. तीस दिवस.

अठ्ठाविसाव्या दिवशी वायरमन आला. चाळीस मिनिटांत दोन्ही दिवे लावून, चालवून दाखवून गेला. मी घड्याळ लावलं होतं.

आता मुख्य गोष्ट. शहराची नोटीस आली म्हणून विंचेल भयंकर चिडले होते. घरातली गोष्ट बाहेर नेली, पुरस्काराच्या वर्षात नेली. रोझॅनला बोलावून खडसावायचं ठरलं. पण फर्म वकिलांची. कोणाच्यातरी डोक्यात आलं की बहिऱ्या कर्मचाऱ्याला दुभाष्याशिवाय खडसावलं आणि ती उद्या कोर्टात गेली, तर आपण अडकू. म्हणून त्यांनी फोन केला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा फर्मनं खराखुरा दुभाषी मागवला, तो तिला रागवायला.

काळ्या शर्टातला एक शांत तरुण आला, माझ्याकडे नाव लिहिलं आणि आत गेला. मला कोणी बोलावलं नाही. मी माझ्या खुर्चीत बसून फोन घेत राहिले आणि एकाही फोनवरचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आत काय झालं ते रोझॅननं संध्याकाळी पार्किंगमध्ये सांगितलं. विंचेल दहा मिनिटं बोलले. विश्वास, निष्ठा, कुटुंब. ते थांबल्यावर तिनं दुभाष्याला विचारलं, "तुला किती वेळासाठी बोलावलंय?"

"दोन तास."

"मग मला एक तास पन्नास मिनिटं आहेत," ती म्हणाली, आणि सुरू झाली. फोनवरची बैठक, दिवा सोडून शब्दावर घातलेला तास, तिच्या नावाची नसलेली यादी, चुकलेले निरोप, ज्यांत तिच्याशी कोणी बोललंच नाही असे एकोणीस ख्रिसमसचे समारंभ जिथं तिनं कोपऱ्यात उभं राहून केक खाल्ला. दुभाष्यानं शब्द न् शब्द सांगितला. तिनं शिवी घातली तिथं त्यानं शिवी घातली, शांत आवाजात, विंचेलच्या तोंडावर. मेरिडिथ रडायला लागली. रोझॅन म्हणाली, "रडून झालं की सांग, मी थांबते."

विंचेल म्हणाले, "मला ह्यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं."

"मी जुलैमध्ये ह्याच खोलीत सांगितलं. तुम्ही ग्वेनकडे बघत होतात."

"ग्वेन म्हणाली, तुला थोडी काळजी वाटतेय."

हे सांगून रोझॅन गाडीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही.

"लहानपणी करावंच लागायचं," मी म्हटलं. "दुकानदार पप्पांना काहीतरी वाईट बोलायचा, मी पप्पांना ते सांगायची नाही. पप्पा दुकानदाराला सुनावायचे, मी 'थँक यू' म्हणायची. सात वर्षांची होते. सगळे शांत राहावेत एवढंच वाटायचं."

"आता चाळीसची आहेस," ती म्हणाली. "सोळा वर्षं त्या लोकांना वाटतंय की मी एक समंजस, गोड बाई आहे. मी बोंबलत होते आणि तू साखर घालून पोचवत होतीस." मग तिनं सुस्कारा सोडला. "त्यांनी तुला तिथं बसवायलाच नको होतं. पण तूही 'मला हे जमत नाही' म्हणायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी माझ्या टेबलावर आईसाठी तिच्या परसातले टोमॅटो ठेवून गेली, म्हणजे मिटलं. मी मेरिडिथला लिहून दिलं की ह्यापुढे मी दुभाष्याचं काम करणार नाही. उत्तरात तिनं माझ्या धैर्याबद्दल आभार मानले.

विंचेलनी रोझॅनला काढलं नाही. काढता येत नव्हतं म्हणून की खरंच काही उमजलं म्हणून, मला माहीत नाही. त्या दिवसानंतर ते तिच्याकडे बघून बोलतात एवढं मात्र खरं. रोझॅननं समिती सोडली. तिनं सोडताना मागितलं म्हणून दर महिन्याच्या सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेला आता दुभाषी येतो, तोच काळ्या शर्टातला.

पहिल्या सभेला ती नवा ब्लाउज घालून पुढच्या रांगेत बसली. एक तास दहा मिनिटं विंचेल पार्किंगच्या नव्या पासांबद्दल, छपाईचा कागद वाचवण्याबद्दल आणि फर्मच्या मूल्यांबद्दल बोलले. सभा संपल्यावर ती तरातरा माझ्याकडे आली.

"एवढी वर्षं तुम्ही हे ऐकत होतात?"

"दर महिन्याला."

"आणि मला वाटायचं माझं काहीतरी चुकतंय! मी घरी जाऊन डीनला सांगायची, ते सगळे आत बसून काहीतरी महत्त्वाचं बोलतात." ती कपाळ चोळत होती. "ग्वेन, त्या बिचाऱ्या दुभाष्याला कागद वाचवण्याची खूण तीनदा करावी लागली."

पण ती सभा चुकवत नाही. तिसऱ्या महिन्यापासून विणकाम घेऊन येते, हातांना कामाला लावते आणि डोळे दुभाष्यावर ठेवते. प्रश्न आहेत का, असं विंचेलनी विचारलं की ती सुया खाली ठेवते. तेवढ्यानंच पुढच्या दोन रांगा सावरून बसतात.